यार्देनला निघालेल्या लेकीस

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, त्यावर मी काही बोलणार नाही. "बाबा, तुमचं पाण्याचं परत सुरू झालं," म्हणालीस, ते काही खोटं नाही. पण तू पाठवलेला सहलीचा कार्यक्रम मी रात्री परत वाचला. गालीलच्या सरोवरात नावेची फेरी, मग यार्देन नदी, मग क्षारसमुद्र म्हणजे मृत समुद्र, आणि यरुशलेमात थेट हिज्कीयाचा बोगदा. म्हटलं, ही देवदर्शनाची सहल आहे की पोहण्याची? असो. हे पत्र पाण्याबद्दल नाही असं ठरवूनच बसलोय.

आधी कौतुक करू दे. 2023 च्या ऑक्टोबरात तिकडे इस्राएलात युद्ध पेटलं, तुमचं सगळं रद्द झालं, अडकलेले पैसे तू भांडून सोडवलेस. दुसरी असती तर तिथेच नाद सोडला असता. तू सासूबाईंना दिलेला शब्द धरून ठेवलास आणि सगळ्यांचा खर्च स्वतःच्या पगारातून करते आहेस. आम्ही 2012 साली गेलो ते माझ्या फंडाच्या पैशांवर, तेसुद्धा तुझ्या आईने वर्षभर मागे लागून माझ्या गळी उतरवलं तेव्हा. परवा उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना मी सांगत होतो, तर मागून आत्या म्हणाली, "आता पुरे, सगळ्या मंडळीला पाठ झालंय."

गालीलाची फेरी सकाळची घ्या. दुपारनंतर वारा सुटतो. सरोवर लांबीला 21 किलोमीटर, रुंदीला फार तर 13, आणि पृष्ठभाग समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 210 मीटर खाली. भोवती डोंगर. वरची गार हवा घळींमधून खाली कोसळते आणि बघता बघता लाटा उठतात. येशूचे शिष्य वादळात घाबरले ते उगीच नाही, त्यांतले चौघे तर जन्माचे कोळी होते. भूगोलाचा मास्तर जागा झाला, माफ कर. पण सॅमीला लाइफ जॅकेट घाला. नाववाले म्हणतील काही लागत नाही, तरी मागून घ्या.

त्यापेक्षा गिनोसारच्या संग्रहालयात त्याला जास्त वेळ द्या. 1986 साली दुष्काळाने पाणी मागे हटलं, तेव्हा तिथल्या दोघा भावांना गाळात एक नाव दिसली, येशूच्या काळातली. लांबी सव्वाआठ मीटर. तिला दहा-बारा जातींची लाकडं लावलेली आहेत, म्हणजे मिळेल त्या फळीने डागडुजी करत करत वापरलेली. तुझी आई त्या नावेपुढून हलेना. म्हणाली, "गरिबाची आहे हो." मार्गदर्शक पुढे निघून गेला, आम्ही दोघंच मागे राहिलो.

यार्देनचं सांगतो. यरीहोजवळच्या घाटावर गेलात तर नदी पाहून सासूबाईंची निराशा होईल, आधीच कल्पना दे. गढूळ पाणी, आणि पात्र इतकं अरुंद की पलीकडे जॉर्डन देशातले यात्रेकरू गातात ते ऐकू येतं. मधे सीमा. ही जागा 1967 च्या युद्धानंतर कित्येक वर्षं बंद होती, आजूबाजूला सुरुंग पेरलेले, 2011 ला सर्वांसाठी उघडली. पायऱ्यांवर गाळ बसतो, पाय सटकतो. सासूबाईंना डुबकी मारायची हौस आहे, मारू दे, पण एका बाजूने तू आणि दुसऱ्या बाजूने जावईबापू. आणि तेवढा वेळ सॅमीचा हात कोणाच्या हातात असणार, ते आधी ठरवा. ऐन वेळी सगळे फोटो काढत असतात. प्रत्येकाला वाटतं पोरगं दुसऱ्याकडे आहे.

आमच्या वेळीही असंच वाटलं होतं सगळ्यांना. लग्नघर होतं. सुधाच्या चपला विहिरीच्या कठड्याशी होत्या, रबरी, एकीचा अंगठा तारेने बांधलेला. तो असता तर यंदा साठीला आला असता. जाऊ दे.

नाब्लुसची याकोबाची विहीर तुमच्या यादीत नाही, ते बरंच आहे. आम्ही गेलो होतो. वर चर्च, आणि वेदीखाली पायऱ्या उतरून गेलं की विहीर, खोली सुमारे 40 मीटर. रहाटाने पाणी काढून देतात. आई उतरली, प्याली, वर येऊन मला म्हणाली, पाणी गार आहे. मी वरच बसलो होतो.

हिज्कीयाच्या बोगद्याचं तर तिने मला विचारलंच नाही. 533 मीटर लांब, अंधार गुडुप, सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत, मग गुडघ्याखाली. अश्शूरी वेढा घालणार म्हणून हिज्कीया राजाने झऱ्याचं पाणी डोंगराखालून शहरात वळवलं. दोन्ही टोकांनी खोदत आले आणि मधे भेटले. भेट व्हायच्या आधी पलीकडच्यांच्या हाका खडकातून ऐकू आल्या, असं तिथल्याच शिलालेखात कोरलेलं होतं. 1880 मध्ये पाण्यात खेळणाऱ्या पोरांना तो सापडला, आता इस्तंबूलला आहे. मी कोरड्या बोगद्याने बाहेर पडलो आणि खाली शिलोहाच्या तळ्याशी जाऊन तोंडाशी उभा राहिलो. आत जायला अर्धा-पाऊण तास लागतो म्हणतात. बायका गात येत होत्या, पण त्या आवाजात तुझ्या आईचा आवाज वेगळा निघेना. मग ती आली, सलवार गुडघ्याच्या वर भिजलेली, चपला हातात, आणि मला बघून हसायलाच लागली. तिच्या हातातली ती टॉर्च कपाटात वरच्या खणात आहे, पाठवतो. सेल नवे घातलेत. सॅमीला मात्र कोरड्या वाटेने न्या. तू जा पाण्यातून. तुला मी काय सांगणार, तू तर शर्यती मारणारी. तुझी पदकं आईने ओळीने लावली होती, ती तशीच आहेत, मी पुसतो.

क्षारसमुद्रात बुडत नाही म्हणून सगळे निर्धास्त असतात. नेमकं तेच वाईट. नेहमीच्या समुद्राच्या जवळजवळ दहापट मीठ, माणूस तरंगतो, पण पालथा झाला की सुलटं होणं अवघड जातं, आणि ते पाणी नाकातोंडात, फुप्फुसात गेलं की संपलं. कमरेएवढ्या पाण्यातही माणसं गेली आहेत. पोहायचं नाही, पाठीवर टेकायचं आणि बाहेर यायचं. तुलाही सांगतोय, तिथे पोहणाऱ्याचं काही चालत नाही. पाणी दरवर्षी मीटरभर खाली जातंय, काठाला जमीन खचून खड्डे पडतात, कुंपणापलीकडे जायचं नाही. सॅमीला पायाचे घोटे भिजतील एवढंच. डोळ्यांत गेलं तर लगेच गोड्या पाण्याच्या नळाखाली धरा.

बघ, ठरवलं होतं काय आणि लिहिलं काय. रागावू नकोस. बेथेस्दाच्या तळ्याशेजारी संत अन्नाचं चर्च आहे, तिथे आवाज फार छान घुमतो. एक मराठी भजन म्हणा, सॅमीला पुढे उभं करा. मला व्हिडिओ पाठव. आणि हो, ते तळं म्हणजे नुसती खोल खोदलेली जागा आहे, पण कठडे तपासा.

मंगळवारी दादा पुण्याला येतोय, त्याच्याकडे टॉर्च, आत्याने केलेले शंकरपाळे आणि सासूबाईंसाठी गुडघ्याचा पट्टा देतोय. रोज फोन करायची गरज नाही, खर्च कशाला. क्षारसमुद्राच्या दिवशी संध्याकाळी तेवढा कर.

तुझा,
बाबा