चार वर्षांच्या संरक्षणाने प्रश्न सुटत नाही

संपादक महोदय,

पेटंट संपलेल्या औषधांवरचा कालचा लेख वाचला. विषयाला जागा दिलीत, आभार. पण ‘चार वर्षे डेटा-संरक्षण द्या (म्हणजे एका कंपनीने दिलेल्या चाचण्यांच्या माहितीवर तेवढा काळ दुसऱ्या कंपनीला परवाना नाही), कंपन्या नव्या उपयोगासाठी आपणहून अर्ज करतील’ हे म्हणणे औषधाच्या काउंटरवर टिकत नाही. चिठ्ठीवर औषधाचे नाव असते, आजाराचे नसते. तीच गोळी दहा कंपन्या बनवत असतील तर स्वस्तातली दिली जाते. लेबलवर नवा आजार चढवण्याचा खर्च केलेल्या कंपनीच्या हाती काय पडले?

अ‍ॅनास्ट्रोझोलचे पाहा. स्तनाच्या कर्करोगावरच्या उपचाराचे हे जुने औषध. नवा उपयोग प्रतिबंधाचा: या कर्करोगाची जोखीम जास्त असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांनी रोज १ मिलिग्रॅम, पाच वर्षे घ्यायचे. ३,८६४ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले: कर्करोग निम्म्याहून कमी. ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७ मध्ये शिफारस केली. या उपयोगाचा परवाना मिळाला नोव्हेंबर २०२३ मध्ये! तोवर डॉक्टरांना ते लिहायला बंदी नव्हती. पण माहितीपत्रकात नसलेल्या उपयोगाची जबाबदारी लिहिणाऱ्यावर, त्यात गोळी द्यायची ती निरोगी बाईला. हात आखडणारच. कोंडी फुटली ती मक्तेदारीने नव्हे. सरकारी आरोग्यसेवेच्या कार्यक्रमातून अ‍ॅकॉर्ड या जेनेरिक कंपनीने नफा न घेता परवान्याचे काम केले, आणि तो उपयोग इतर उत्पादकांनाही खुला राहील हे आधीच ठरले होते.

संरक्षण चालते कधी? बाकीच्यांच्या गोळ्या बाजारातून उठवल्या तर. अमेरिकेत २००९ नंतर गाउट या संधिवातावरच्या कोल्चिसिन या जुन्या औषधाचे तेच झाले, आणि सुमारे ९ सेंटची गोळी जवळपास ५ डॉलरवर गेली. संधिवाताच्या रुग्णांनी ते पैसे मोजले.

लेखात युरोपियन कमिशनच्या २०२३ च्या प्रस्तावातली चार वर्षे आली, पण त्याच प्रस्तावातले कलम ४८ गाळले. विद्यापीठ किंवा धर्मादाय संस्थेने पुरावा थेट नियामकाकडे देता यावा, आणि मत अनुकूल आले तर परवानाधारकांनी तो उपयोग लेबलवर घ्यावा, अशी त्यात तरतूद आहे. खरे काम इथे आहे. पुरावा असतो; वर्षानुवर्षे होत नाही तो अर्ज.

आणखी एक. चौकटीत करोनासाठी डेक्सामेथासोनचा डोस ‘६ ग्रॅम’ छापला आहे. तो ६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त दहा दिवस. आणि ऑक्सिजन लागत नसलेल्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला नव्हता. दुरुस्ती उद्याच, त्याच पानावर छापावी.

– एक फार्मासिस्ट