मास्तर, तुमच्या कातरणांचं पुढं काय झालं

मास्तर, सप्रेम नमस्कार.

दुकानात येते तेव्हा तुमची मान मशीनवर असते, दारात गिऱ्हाईक उभं असतं, आणि मी "येते हं" म्हणत पिशवी उचलून निघते. दोन वर्षं झाली, धड बोलणंच झालं नाही. म्हणून हे पत्र. चारचौघांनीही वाचावं, म्हणून उघडपणे लिहितेय.

माझी नात तिसाव्या आठवड्यात झाली. 1 किलो 300 ग्रॅमची. 37 आठवडे भरायच्या आत आलेल्या बाळाच्या कातडीखाली चरबी फारशी नसते, अंगातली ऊब टिकत नाही, म्हणून पेटीत ठेवतात. पस्तीस दिवस आम्ही त्या काचेपाशी काढले. ती सुखरूप घरी आली तेव्हाच ठरवलं, हात चालतात तोवर तिथल्या बाळांसाठी गोधड्या शिवायच्या.

पहिल्या खेपेच्या दहाच्या दहा परत आल्या. सिस्टरनी एक गोधडी उलटी केली आणि धावदोऱ्याच्या लांब टाक्यात आपली करंगळी अडकवून दाखवली. "आजी, बाळाचं बोट केवढं असतं? दोरा गुंडाळला गेला तर?" कापडही निम्मं टेरिकॉटचं होतं. ती पिशवी तशीच घेऊन मी ब्लाउज न्यायला तुमच्याकडे आले. डोळे भरलेले होते, ते तुम्ही पाहिलंत.

तुम्ही काही विचारलं नाहीत. माझ्या गोधडीतून एक दोरा उपसलात, काडी ओढलीत. दोरा आक्रसला आणि टोकाला काळा, टणक मणी उरला. मग तुमच्या टेबलावरच्या एका कातरणाचा दोरा पेटवलात. कागद जळल्यासारखा वास आला, आणि बोटांत चोळल्यावर नुसती मऊ राख. "हे बाळाला चालेल. ते नाही." एवढंच बोललात.

त्यानंतर दर शनिवारी टेबलाखाली पिशवी तयार. वर खडूनं लिहिलेलं, 'बाळ'. आत फक्त सुती कापड, तेही रंग न जाणारं. दिवाळीच्या गर्दीत रात्री दहाला तुम्ही कातरणं निवडत बसलेले मी रस्त्यावरून पाहिलंय. शिवण आत दाबून कड मशीनवर कशी मारायची, तेही तुम्हीच शिकवलंत. पैशांचं नाव काढलं की तुम्ही मशीन जोरात चालवता.

आता गोधडी 22 इंची चौकोनी असते. मधे सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा थर. तान्ह्याला कोरं कापड लावायचं नाही, ही आपली रीत किती शहाणपणाची, ते खळ धुताना कळतं. गुंडी नाही, लेस नाही. गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायची. सोबत चिठ्ठी असते, की झोपलेल्या बाळावर मोकळी टाकू नका.

वॉर्डात ती दोन कामांना येते. पेटीवर टाकली की डोळ्यांवरचा उजेड कमी होतो. आणि आई बाळाला उघड्या छातीशी धरून बसते, कांगारू केअर म्हणतात त्याला, तेव्हा बाळाच्या पाठीवर. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असणार नाही. त्या बाळांची बारशी झालेली नसतात. पायातल्या पट्टीवर आईचंच नाव. मग आया एकमेकींच्या बाळांना गोधडीवरून ओळखतात. "निळ्या चौकड्यानं आज दूध घेतलं का गं?" "पिवळ्या बुंदक्याचं वजन वीस ग्रॅमनं वाढलं!" ते निळे चौकडे कुणाच्या तरी शर्टाचे, तुमच्या कात्रीखालून उरलेले. मी तिथं उभी राहून ऐकत होते आणि तुम्ही ऐकायला हवे होतात, असं फार वाटलं.

मास्तर, मनापासून आभार. शनिवारी येते. या खेपेला पिशवी लगेच उचलणार नाही, जरा बसणार आहे. निळा चौकडा मागच्या आठवड्यात घरी गेला, 1 किलो 900 ग्रॅमचा होऊन.

तुमची,
ब्लाउजवाली आजी