अमेरिकेतील जुनी गाडी आणि झिजलेले सस्पेन्शन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी अमेरिकेत जाणाऱ्या तरुणांना व्हिसा, विमा, घरभाडे यांबद्दल मार्गदर्शन करणारा मजकूर आपल्या वृत्तपत्रात वेळोवेळी प्रसिद्ध होतो आणि तो उपयुक्त असतो. मात्र तिथे पोहोचल्यावर काही महिन्यांतच यांतले अनेक जण जी जुनी मोटार किंवा पिकअप ट्रक विकत घेतात, तिच्या सस्पेन्शनची अवस्था कशी ओळखावी याविषयी मराठीत काहीच वाचायला मिळत नाही. इंजिनाचा आवाज ऐकला जातो, रंग पाहिला जातो, गाडी किती मैल धावली हे विचारले जाते. पण ज्यांच्या आधाराने चाक गाडीशी जोडलेले असते ते बॉल जॉइंट (चाक वळू आणि वरखाली होऊ देणारा गोळ्याचा सांधा), बुश (सांध्यातले रबरी अस्तर) आणि स्प्रिंग कोणी वाकून पाहत नाही. मी अनेक वर्षे मिशिगन राज्यात राहतो आणि गाड्यांच्या दुरुस्तीशी माझा जवळचा संबंध आहे, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

गाडी रस्त्यावर धावते आहे म्हणजे ती कोणीतरी तपासलेली असणार, ही समजूत अमेरिकेत चालत नाही. खासगी गाड्यांच्या सुरक्षा तपासणीचा नियम तिथे राज्यागणिक वेगळा आहे. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया या राज्यांत दरवर्षी तपासणी होते आणि तीत सस्पेन्शनही पाहिले जाते. मिशिगन, ओहायो, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया येथे अशी नियमित तपासणीच नाही. जिथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सीने खासगी मोटारींची यांत्रिक तपासणी २०१० मध्ये बंद केली आणि टेक्ससने १ जानेवारी २०२५ पासून. धुराची चाचणी काही ठिकाणी अजून होते, पण धूर तपासणारा माणूस गाडीखाली पाहत नाही. आंतरराज्य वाहतूक करणाऱ्या दहा हजार पौंडांवरील व्यावसायिक ट्रकना वार्षिक तपासणीची केंद्रीय सक्ती आहे. त्याच महामार्गावर, त्याच वेगाने, ट्रेलर ओढत जाणाऱ्या वीस वर्षांच्या खासगी पिकअपला मात्र निम्म्याहून अधिक राज्यांत कोणीही काही विचारत नाही. मला हे धोक्याचे वाटते. जोवर नियम असे आहेत तोवर ही जबाबदारी मालकालाच घ्यावी लागेल.

त्यात ईशान्येकडील आणि पंचमहासरोवरांभोवतीच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते. हे मीठ स्प्रिंगच्या बैठकीत, सबफ्रेमच्या (सस्पेन्शन ज्यावर बसवलेले असते त्या चौकटीच्या) सांध्यांत आणि ॲक्सलच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) पोकळीत साचते आणि लोखंड आतून खाते. १९९८ ते २००३ या वर्षांच्या फोर्ड विंडस्टार व्हॅनचा मागचा ॲक्सल याच कारणाने तुटू शकतो असे आढळल्यावर मीठ वापरणाऱ्या राज्यांतील त्या गाड्या कंपनीला २०१० मध्ये परत बोलवाव्या लागल्या. म्हणून ॲरिझोनातली दोन लाख मैल धावलेली गाडी ओहायोतल्या एक लाख मैल धावलेल्या गाडीपेक्षा खालून कितीतरी निरोगी असू शकते. तेव्हा आकड्याबरोबर गाडीने हिवाळे कुठे काढले हेही विचारावे, आणि गाडीखाली नुकताच काळा लेप मारलेला दिसला तर तो कशावर मारला आहे हे पेचकस टोचून पाहावे.

झीज हळूहळू होत असल्यामुळे रोज तीच गाडी चालवणाऱ्याला ती जाणवत नाही. त्याचा हात नकळत स्टिअरिंग सावरून घ्यायला शिकतो. त्यामुळे चालकाच्या अनुभवापेक्षा टायर अधिक खरे सांगतात. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने तो गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखा लागला, तर चाकांचा टो (वरून पाहिल्यास चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला आहे. फक्त आतली कड झिजली असेल तर कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाक आत किंवा बाहेर कललेले असण्याचा कोन) किंवा टो चुकलेला असतो, आणि त्यामागे बसलेली, म्हणजे दबून खचलेली, स्प्रिंग किंवा ढिला बुश असण्याची शक्यता मोठी. टायरच्या परिघावर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडले असतील, तर शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाले आहेत किंवा चाकाचे बॅलन्सिंग गेले आहे. जुन्या गाडीवर चारही टायर कोरे करकरीत असतील तर खरेदीदार खूश होतो. माझ्या मते अशा वेळी तर अधिक बारकाईने पाहावे, कारण सगळ्यात बोलका पुरावा विकण्याआधीच काढून टाकलेला असतो.

गाडीचा कोपरा दाबून सोडून पाहण्याची जुनी पद्धत साध्या मोटारीला अजूनही उपयोगी पडते, पण पिकअपला ती लागू करू नये. ओझे वाहण्यासाठी बनवलेल्या तिच्या मागच्या स्प्रिंग इतक्या ताठ असतात की, शॉक पूर्ण संपलेला असला तरी हाताने दाबून काही कळत नाही. शॉकच्या अंगावर तेलाचा पुसट ओलावा दिसणे स्वाभाविक आहे. ओघळ आलेला असेल तर तो बदलावा. समतल जमिनीवर चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे आणि त्यात अर्ध्या इंचाहून अधिक फरक आला तर स्प्रिंग बसली किंवा तुटली आहे का ते पाहावे. कॉइल स्प्रिंगचा शेवटचा वेढा अनेकदा बैठकीच्या आतच मोडतो आणि टॉर्चच्या प्रकाशात शोधल्याशिवाय दिसत नाही.

आवाजावरून निदान करताना सगळ्यात जास्त चुका होतात आणि ग्राहकाचे सगळ्यात जास्त पैसेही इथेच जातात. हळू वेगात, लहान खाचखळग्यांवरून जाताना येणारी खटखट बहुतेक वेळा स्वे बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या) लिंकची, म्हणजे तिला जोडणाऱ्या लहान दांडीची, असते. ब्रेक लावताना किंवा सोडताना एकदाच ठक्क आवाज आला तर कंट्रोल आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या आडव्या भुजेचा) मागचा बुश पाहावा. गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवल्यावर स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटच्या (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या भागाच्या) वरच्या माउंटचे बेअरिंग गेलेले असते. माझ्या नात्यातल्या एका मुलाला एका गॅरेजने पहिल्या प्रकारच्या आवाजासाठी पुढचे स्ट्रट आणि मागचे शॉक बदलण्याचे दीड हजार डॉलरच्या वरचे अंदाजपत्रक दिले होते. एक लिंक ढिली झाली होती. दोन्ही बाजूंच्या नव्या लिंका शंभर डॉलरच्या आत आल्या आणि आवाज थांबला.

बॉल जॉइंटची तपासणी मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण तो निखळला तर चाक आडवे पडते आणि गाडी जागीच खाली बसते. चाक उचलून, वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवायचे असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. जॅक कुठे लावायचा हे ठाऊक नसते. फोर्ड एफ-१५० किंवा शेवरले सिल्वेराडोसारख्या पिकअपमध्ये गाडीचे वजन खालच्या कंट्रोल आर्मवर येते, म्हणून जॅक त्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ लावावा लागतो. जॅक चासीखाली (गाडीच्या सांगाड्याखाली) लावला तर स्प्रिंग आर्मला खाली रेटत राहते, जॉइंट ताणलेल्या अवस्थेत घट्ट बसतो आणि झिजलेला असूनही हलत नाही. याउलट फोर्ड फोकस, शेवरले इम्पाला अशा मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे वजन स्ट्रटवर येणाऱ्या, गाड्यांत जॅक सबफ्रेमखाली लावून चाक लोंबते सोडायचे असते. चाक हलले तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे; हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, थांबली नाही तर बॉल जॉइंटचा. मग टायरखाली लांब पहार घालून हलके उचलून पाहावे आणि सांध्यावर बोट ठेवून प्ले (ढिलेपणा) कुठे आहे ते चाचपावे. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून चाक हलले तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणाऱ्या दांडीचे टोक) किंवा स्टिअरिंगचे सांधे तपासावेत. किती प्ले चालतो हे प्रत्येक उत्पादकाने आपल्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेले असते, आणि काही जॉइंटना तो अजिबात चालत नाही. हे सगळे करताना गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये. जॅक स्टँड लावल्याशिवाय तिच्याखाली डोके घालू नये.

पिकअपच्या मागे बहुधा लीफ स्प्रिंग, म्हणजे आपले पाटे असतात. पाट्याला तडा गेला आहे का, मधला बोल्ट तुटून ॲक्सल मागेपुढे सरकला आहे का आणि पाटे धरणारे शॅकल व हँगर गंजले आहेत का, एवढे पाहावे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर प्रवासी आणि सामान मिळून किती पौंड चालतील हे लिहिलेले पिवळ्या खुणेचे स्टिकर असते. ट्रेलरचे हुकवर येणारे वजन, जे साधारणतः ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असते, तेही त्याच आकड्यात धरायचे असते, आणि हे न धरल्यामुळेच अनेक पाटे वेळेआधी बसतात.

जीप रँग्लरमध्ये आणि फोर-व्हील ड्राइव्ह असलेल्या रॅम २५०० व फोर्ड सुपर ड्युटी ट्रकमध्ये पुढचाही ॲक्सल अखंड असतो. महामार्गाच्या वेगात एखाद्या खड्ड्यावरून गेल्यावर अशा गाडीची पुढची दोन्ही चाके कधीकधी अचानक इतकी जोरात थरथरू लागतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. हा प्रकार प्रथम अनुभवणारा माणूस प्रचंड घाबरतो. अशा वेळी स्टिअरिंगशी झटापट न करता ते दोन्ही हातांनी धरून, वेग शांतपणे कमी करत बाजूला थांबावे. नंतर बरेच जण स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा छोटा शॉक) बदलून समाधान मानतात, कारण तो स्वस्त असतो आणि थरथर काही दिवस थांबते; पण मूळ दोष बहुधा ट्रॅक बारचा (ॲक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांडीचा) बुश, त्याच्या बोल्टचे रुंदावलेले भोक, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड यांत असतो. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने ट्रॅक बारच्या दोन्ही टोकांवर नजर ठेवावी. ॲक्सल हलण्याआधी बारचे टोक आपल्या जागी सरकताना दिसले की कारण सापडले.

लिंकन टाउन कारसारख्या जुन्या आलिशान गाडीच्या मागे हवेच्या स्प्रिंग असतात. रात्री नीट उभी असलेली गाडी सकाळी मागून बसलेली दिसली तर बहुधा स्प्रिंगच्या रबराला चीर असते, आणि गाडी तशीच वापरत राहिल्यास सतत चालून कॉम्प्रेसरही जळतो. ही गाडी उचलण्यापूर्वी डिकीतला एअर सस्पेन्शनचा स्विच बंद करावा.

दुरुस्तीबाबत माझा आग्रह असा की, सुटा भाग बदलण्याआधी त्यातला दोष कारागिराने आपल्याला प्रत्यक्ष हलवून दाखवावा. प्रामाणिक कारागीर हे आनंदाने करतो. शॉक, स्ट्रट आणि स्प्रिंग एका ॲक्सलवर नेहमी जोडीने बदलावेत. स्ट्रटवरची दाबलेली स्प्रिंग जिवावर बेतू शकते, म्हणून घरी काम करणाऱ्याने स्प्रिंगसकट तयार मिळणारा स्ट्रट घ्यावा. बॉल जॉइंट बसवण्याचा प्रेस (दाबयंत्र) तिथल्या सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांत अनामत ठेवून वापरायला मिळतो, आणि परत केल्यावर अनामतही परत मिळते. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट काढले की नवेच घालावेत. बॉल जॉइंटच्या नटाची खाच पिनच्या भोकाशी जुळत नसेल, तर नट मागे न फिरवता थोडा पुढे आवळून जुळवावा.

एक गोष्ट गॅरेजमध्येही सर्रास चुकते. कंट्रोल आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाक हवेत लोंबत असताना पक्के आवळले, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर पिळले जाते आणि त्याच पिळलेल्या अवस्थेत कायम राहते. असा नवा बुश फार लवकर फाटतो आणि मालकाला वाटते, माल खराब निघाला. बोल्ट आधी नुसते हाताने लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी किंवा आर्मखाली जॅक लावून वजन घ्यावे, आणि मगच टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराने आवळावेत. काम झाल्यावर अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) करून घ्यावी आणि आधीच्या व नंतरच्या मोजमापांचा छापील कागद मागून घ्यावा.

शेवटी रिकॉलबद्दल, म्हणजे दोष आढळल्यावर कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याबद्दल. प्रत्येक गाडीवर १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, असतो; १९८१ पासून तो याच लांबीचा आहे. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर तो घातल्यास त्या गाडीचा कोणता रिकॉल बाकी आहे हे विनामूल्य कळते. मागच्या टो लिंक (मागच्या चाकांचा टो धरून ठेवणाऱ्या दांड्या) तुटण्याच्या भीतीने २०११ ते २०१७ या वर्षांतल्या काही फोर्ड एक्सप्लोरर २०१९ मध्ये अशाच परत बोलावल्या गेल्या होत्या. गाडीच्या पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांच्या आत रिकॉल जाहीर झाला असेल तर अधिकृत विक्रेत्याकडे तिची दुरुस्ती फुकट होते, मग गाडी कितव्याही हाती असो. रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी विकायला विक्रेत्याला केंद्रीय कायद्याने मनाई नाही, त्यामुळे हा क्रमांक पैसे देण्यापूर्वी तपासावा.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच्या आपल्या पुरवणीत, विम्याच्या आणि वाहन परवान्याच्या माहितीशेजारी, खरेदीपूर्वी स्वतंत्र कारागिराकडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घेण्याची सूचना ठळकपणे छापावी, ही आपणास विनंती. या तपासणीला लागणारे शंभर-दोनशे डॉलर पहिल्या खर्चाच्या यादीतच धरायला पालकांनी मुलांना सांगावे.

आपला विश्वासू,
एक वाचक
मिशिगन, अमेरिका