नाथसागरातून किती सोडणार ते कळतं, पाणी कुठवर येणार तेही कळवा

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

साहेब, पावसाळ्यात पैठणला सकाळी पहिला प्रश्न असतो, "नागमठाणला किती चाललंय?" नाशिककडचा पाऊस गोदावरीतून नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात येतो. वाटेत वैजापूर तालुक्यात नागमठाणला त्याची मोजणी होते आणि त्यावरून इथला माणूस अंदाज बांधतो. खात्याचा मेसेज येतो तो टक्के आणि क्यूसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी). घाटावरच्या हार-फुलंवाल्या बाईला लाख क्यूसेक म्हणजे पाणी कितव्या पायरीला लागणार, हे कोण सांगणार?

ऑगस्ट 2006 मध्ये पैठणात पाणी शिरलं. सप्टेंबर 2025 मध्ये पुन्हा सखल वस्त्यांतल्या लोकांना हलवावं लागलं. पाणी कुठवर आलं होतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्या खुणा नागघाटावर, वस्तीतल्या भिंतींवर पक्क्या रंगात काढा, शेजारी त्या वेळच्या विसर्गाचा आकडा लिहा. मग विसर्ग वाढवण्याआधी "पाणी अमुक खुणेपर्यंत, अमुक वाजता" एवढंच भोंग्यावरून पुकारलं तरी म्हातारं माणूससुद्धा वेळेत सामान उचलेल.

धरण रिकामं ठेवा असं मराठवाड्यात कुणी म्हणणार नाही. 2019 च्या उन्हाळ्यात आम्ही मृतसाठ्यावर, म्हणजे कालव्यात न येणाऱ्या तळाच्या पाण्यावर दिवस काढलेत. जेमतेम 102 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) धरणात 26 टीएमसी मृतसाठाच. उरलेल्यावर छत्रपती संभाजीनगर, जालना, कारखाने आणि कालव्याखालची शेती. तेव्हा मिळेल तेव्हा धरण भरून घेणं बरोबरच आहे. पण भरल्या धरणावर सप्टेंबरचा पाऊस कोसळला की दरवाजे भराभर उचलावे लागतात, आणि नेमकी तेव्हाच माणसं पोराबाळांना घेऊन पाणी बघायला येतात.

येणारच! दुष्काळात टँकरमागं धावलेल्या माणसाला 27 दरवाजांचं धरण वाहताना बघायचं असतं. त्याला काठी दाखवून हाकलू नका. उंचावर कठडा घातलेली जागा द्या, गाड्या लावायची आणि बायाबापड्यांसाठी स्वच्छतागृहाची सोय करा. किती विसर्गाला कोणता रस्ता बंद होतो, हे पावसाळ्याआधीच फलकावर लिहा. ऐन वेळी लावलेल्या दोरीला कुणी जुमानत नाही.

संत ज्ञानेश्वर उद्यानाबद्दल आजवर पुष्कळ बोललं गेलंय, ते पुन्हा उगाळत नाही. पाखरांचं मात्र सांगतो. नाथसागर पसरट, उथळ आहे. तो काठोकाठ असला की रोहित पक्ष्यांना चरायला उथळ पाणी उरत नाही. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की ते उतरतात. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. तेव्हा पर्यटनाचं वेळापत्रक पाण्याची पातळी बघून ठरवा आणि यांत्रिक बोटी उथळ फुगवट्यात फिरकू देऊ नका.

नाथषष्ठीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडतात, तेव्हाही पायऱ्यांवरच्या खुणा उपयोगी पडतील. येत्या पावसाळ्याआधी निदान पैठणच्या घाटांवरचं हे काम तरी उरकून घ्यावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
गोदाकाठचा एक पैठणकर