पाव दिला, अक्षर घेतलं

कोल्हापूर, रविवार दुपार

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "ऑफिसात माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान पोरांना विचारावं लागतं, बाबा. लाज वाटते." मी विषय बदलला. आई शेजारीच लसूण सोलत बसली होती आणि तिच्यासमोर मला माझी एक जुनी गोष्ट काढायची नव्हती. ती पुढं लिहितो. आधी तुझ्याच गावातल्या एका पोराची.

अमेरिकेत तुझ्या बाल्टिमोरात फेल्स पॉइंट म्हणून बंदराकाठची वस्ती आहे. (तू तिथं फक्त खेकडे खायला जातेस, असं फोटोंवरून दिसतं.) १८२६ च्या सुमारास तिथं आठेक वर्षांचा एक गुलाम मुलगा आणला गेला, फ्रेडरिक बेली. पुढं तो गुलामीविरुद्धचा वक्ता आणि लेखक फ्रेडरिक डग्लस म्हणून गाजला. त्याला स्वतःचा वाढदिवस माहीत नव्हता. आई बारा मैलांवरच्या दुसऱ्या शेतात राबायची. दिवसभराचं काम संपवून रात्री चालत यायची, त्याला कुशीत घेऊन निजवायची आणि तो उठायच्या आत परत गेलेली असायची. अशी ती जेमतेम चार-पाच वेळा भेटली, मग वारलीच.

बाल्टिमोरच्या घरी मालकीणबाईंनी त्याला एबीसी शिकवायला घेतलं. मालकाला कळल्यावर तो उखडला. गुलाम वाचायला शिकला की कामातून गेला, असं त्यानं बायकोला पोरासमोरच सुनावलं. बाईंनी शिकवणं बंद केलं. पुढं तर त्याच्या हातात वर्तमानपत्र दिसलं की त्या धावून येऊन हिसकावून घ्यायच्या. पण पोरानं नेमकं ओळखलं की ज्याची यांना एवढी धास्ती आहे, सुटायची वाट तिथूनच जाते.

घरात पाव मुबलक. तो खिशात घालून हा रस्त्यावरच्या गोऱ्या, पण उपाशी पोरांना गाठायचा. पाव त्यांना, धडा याला. लिहायला मात्र गोदीत शिकला. सुतार फळी तासून झाली की ती जहाजात कुठं बसणार त्याची खूण करायचे. डाव्या बाजूला पुढं असेल तर एल आणि एफ, उजवीकडं मागं असेल तर एस आणि ए. ही चार अक्षरं त्यानं बघून बघून गिरवली. मग एखाद्या पोराला डिवचायचं, मला तुझ्याइतकंच लिहिता येतं म्हणून. तो म्हणणार, दाखव की! हा आपली चार काढणार आणि तो पोरगा जिंकायच्या नादात पाचवं, सहावं काढून दाखवणार. कुंपण, भिंत, फरशी ही त्याची पाटी आणि खडूचा खडा ही लेखणी. काय इरसाल पोरगं!

इथं त्याचं आत्मचरित्र मिटून मी बराच वेळ बसलो. तू बालवाडीत होतीस तेव्हा आमच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला. मी वीस वर्षं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस, कुठल्या खणात कुठला खिळा ते बोटांना अंधारातही ठाऊक. मालकांचा भाचा, वय एकोणीस, शिकवायला तयार होता. आठ महिने मी त्याला एक अक्षर विचारलं नाही. डोळ्यांना त्रास होतो म्हणायचो. काम त्या यंत्राकडं गेलं, माझा पगार निम्म्यावर आला. आईनं दोन बांगड्या मोडल्या. तिला मी सांगितलं, धंद्यात मंदी आहे. शेवटी एका दुपारी दोन कटवडे बांधून घेतले आणि त्या पोराच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. तेव्हा डग्लस वाचलेला नव्हता, पण सौदा तोच.

डग्लसचं पुढचं तुला ठाऊक असेल. गोदीत जहाजाच्या फटी बुजवून मिळालेले आठवड्याचे सहा डॉलर मालकाच्या हातावर ठेवायचे आणि खूश होऊन त्यानं कधी सहा सेंट परत द्यायचे, असं चाललं होतं. १८३८ साली खलाशाच्या वेषात, उसनी कागदपत्रं घेऊन, तो तुमच्याच गावातून रेल्वेनं पळाला. १८४५ ला आत्मचरित्र. १८४७ ला रॉचेस्टरमध्ये 'नॉर्थ स्टार' हे स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. दुसऱ्याच वर्षी सेनेका फॉल्सच्या सभेत बायकांना मत असावं म्हणून उभा राहून बोलला. गुलामी गेली १८६५ ला. त्याबद्दल तिथल्या सदाचारी लोकांना आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली, हे शाळेत तुझ्याकडून घोकून घेतलंच होतं.

मला जास्त लागली ती डग्लसच्या पोराची गोष्ट. लुईस बापाच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकला. १८६९ साली वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यात कामाला लागला, तर जुळणीवाल्यांच्या युनियननं त्याला सभासद करून घेतलं नाही. आमच्याच धंद्यातली माणसं ती!

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. त्याची बायको अॅना. हिच्याच पैशावर तो पळाला, तो खलाशाचा वेषही हिनंच शिवला म्हणतात. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, नवऱ्याचं वर्तमानपत्र निघायचं, आणि तिला शेवटपर्यंत नीट वाचता आलं नाही. तिची शिकायची इच्छा नव्हती की यानं नेट धरला नाही? गावभर भाषणं देणाऱ्याला घरातलं दिसलं नसेल का? पण हे मी कुठल्या तोंडानं विचारणार!

पुढच्या रविवारी फेल्स पॉइंटला गेलीस तर जुन्या धक्क्याचा फोटो पाठव, खेकड्यांचा नको. लसणाची चटणी कुरिअरनं निघाली आहे. आणि बांगड्यांचं आईकडं बोलू नकोस. ते मीच सांगणार आहे. आज सकाळपासून दोनदा स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आलो.

तुझे
बाबा