करवंदीची जाळी की घुबडाची पेटी?

महोदय,

बांधावर करवंदीची जाळी लावावी की उंदीर खाणाऱ्या गव्हाणी घुबडासाठी पेटी बसवावी, या वादात एक गोष्ट सुटते आहे. करवंदी गुरं-शेळ्या अडवते, उंदीर नाही. उलट जाळीच्या बुडाशी गवत माजलं की उंदरांना आयता आसरा मिळतो आणि त्या काट्यांत घुबडाला झेप घेता येत नाही.

करवंदीचं काम सोपं, पण वेळेवर करायचं. वाळवून ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते. पिकल्या फळांतलं बी धुऊन लगेच पिशवीत पेरावं, रोपं पुढच्या पावसाळ्यात दोन-अडीच फुटांवर लावावीत. गुडघाभर झाली की शेंडे खुडावेत, नाहीतर जाळी वरच फोफावते आणि खाली शेळीपुरती वाट राहते. छाटणी मे महिन्यातली फळं संपल्यावर. दिवाळीनंतर कोयता चालवलात तर फुलोराच जातो. दोन्ही अंगांना हातभर पट्टा बेणून ठेवा, म्हणजे बिळांची ताजी माती लगेच दिसते.

घुबड मात्र एका बांधाचं नसतं, अख्ख्या वाडीच्या शिवारात फिरतं. म्हणूनच शेजाऱ्यांनी उंदरांना घातलेल्या विषाचा प्रश्न येतो. ब्रोमॅडिओलोन हे उंदीरनाशक खाल्लेला उंदीर त्याच रात्री मरत नाही. तो काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि घुबडाला तोच आधी सापडतो, म्हणजे विष घुबडाच्याही पोटात जातं. तेव्हा शेजारी औषध टाकत असेल तर तुमची पेटी व्यर्थ. करवंदीला शेजाऱ्याला विचारावं लागत नाही. (सामाईक बांध असेल तर लागतं म्हणा!)

पेटी दहा-बारा फुटांवर हवी. तोंड सहा इंचांचं, तोंडापासून तळ दीड फूट खोल. उथळ पेटीतून पिल्लं उडता येण्याआधीच खाली पडतात. पेटीत जोडी आली की खाली घुबडाने ओकलेल्या अंगठ्याएवढ्या काळपट गुठळ्या पडू लागतात. एक उचलून कोमट पाण्यात भिजवा, केसांत गुंडाळलेल्या कवट्या सुट्या होतात. पुढे पटाशीसारखे पिवळट दात असले तर उंदीर, टोकदार बारीक दात असले तर चिचुंद्री. कोणाच्या शेतात काय कमी होतंय, हे या गुठळ्या सांगतात. नुसतं रात्री घुबड दिसलं म्हणून काही कळत नाही.

पेटीचा खांब जाळीला लागून नको, मोकळ्या मळ्यात उभा करा. आणि बुंध्याला पत्रा गुंडाळा, नाहीतर मांजर वर चढतं.

— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा