वेतन संहितेत ‘जात’ हा शब्द घाला : केंद्रीय श्रममंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय श्रममंत्री महोदय,
सादर नमस्कार.

वेतन संहिता, २०१९ चे कलम ३ सारख्याच कामाच्या वेतनात आणि भरतीत लिंगभेद करायला मनाई करते. जातीचा त्यात उल्लेखच नाही. संविधानाच्या अनुच्छेद १६ चे संरक्षण सरकारी नोकरीपुरते. खासगी कंपनीने आडनाव वाचून अर्ज बाजूला ठेवला, तर उमेदवाराने जायचे कुठे? वंश आणि सामाजिक मूळ यांवरून रोजगारात भेदभाव होऊ न देण्याचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार, क्रमांक १११, भारताने १९६० सालीच मान्य केला आहे.

हा भेदभाव मोजता येतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याच्या संधीचे गुणोत्तर (१ म्हणजे समान संधी) ०.६७ होते, मुस्लिम नावाचे ०.३३.

मंत्रालयाने ही चाचणी दरवर्षी करावी. पदवी, अनुभव, शहर सारखे ठेवून अर्जांच्या जोड्या कराव्यात. प्रत्येक नावाला स्वतंत्र फोन क्रमांक द्यावा. आधी कोणाचा अर्ज जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवावे. बोलावणे आले की लगेच नम्र नकार कळवावा. फसगत होते ती आडनावांत. जाधव, गायकवाड, मोरे ही आडनावे महाराष्ट्रात अनेक जातींत आहेत. ती वापरली तर वाचणाऱ्याला जात कळतच नाही आणि ‘भेदभाव नाही’ असे खोटे उत्तर हाती येते. म्हणून आडनावे आधी लोकांना दाखवून पारखावीत. अर्जही भरपूर हवेत. एका गटाला १० टक्के आणि दुसऱ्याला ७ टक्के बोलावणी येत असतील, तर तो फरक खात्रीने पकडायला प्रत्येक गटाचे साधारण १,३५० अर्ज लागतात. शंभर-दोनशे अर्जांत तो योगायोगात बुडून जातो.

वेतनातली तफावत काढताना याहून मोठी चूक होते. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात सामाजिक गट आणि कमाई दोन्ही नोंदवलेली असतात. शिक्षण, वय, जिल्हा यांचा हिशेब वजा करून उरलेली तफावत पाहायची, इथपर्यंत ठीक. पण त्यात ‘व्यवसाय’ही वजा केला, की सफाई कामगाराची तुलना सफाई कामगाराशी होते आणि तफावत आक्रसते. झाडू कोणाच्या हाती आला आणि टेबल कोणाला मिळाले, हा मूळ प्रश्नच त्या गणितातून गळून पडतो! कृपया दोन्ही आकडे, व्यवसाय धरून आणि न धरून, शेजारी शेजारी छापावेत.

कलम ३ मध्ये लिंगाबरोबर जात, वंश आणि धर्म हे शब्द घालावेत. एवढ्याने भागणार नाही, कारण डावलल्या गेलेल्या उमेदवाराच्या हाती पुरावा नसतो. तो कंपनीच्या ईमेलमध्ये आणि मुलाखतीच्या शेऱ्यांत असतो. ‘वडील काय करतात?’ या प्रश्नापुढे काय लिहिले गेले, हे त्याला कधीच दिसत नाही. तेव्हा सर्व अर्ज, निवड यादी आणि शेरे तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक करावे आणि नाकारण्याचे कारण सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकावी.

आपले,
श्रम आणि वेतन या विषयांचे अभ्यासक